कच्च्या वहीतली ओळ

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार आडवी पडूनच करते, उठायला मनाई आहे. अक्षर माझंच आहे. हाताला सुई लावलीय म्हणून ओळी उतरणीला लागल्यात, एवढंच.

मला हार्ट अटॅक आला. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं, तिन्ही वेळा दुसऱ्याच कुणाबद्दल लिहितेय असं वाटलं. एकतिसावं वर्ष, सिगरेट नाही, वजन तुला माहीत आहे, वारा आला तर खांब धरावा लागतो. गेल्या मंगळवारी फुलांच्या गोदामात, थंड खोलीत, गुच्छ बांधत होते. डावा हात दुखायला लागला तेव्हा वाटलं दोरा करकचून आवळला गेला. मग ती कळ खांद्यात गेली, मग जबड्यात. सुपरवायझरबाई म्हणाल्या, "नाटकं पुरे, दोनशे गुच्छ राहिलेत." मी पालथ्या बादलीवर बसले आणि तिथून जी पडले ती इथेच उठले.

डॉक्टर चक्रावलेत. आत नळी घालून बघितलं तर रक्तवाहिन्या साफ, चरबीचं नाव नाही, आणि मधेच एक गुठळी बसलेली. ती आली कुठून, हे कुणाला सांगता येत नाही. मोठे डॉक्टर म्हणाले टेन्शन. रक्त पातळ करायची इंजेक्शनं दिली तर पोटात रक्तस्राव झाला, म्हणून तीही बंद केली.

आता त्यांना माझे जुने रिपोर्ट हवेत. मी ऐटीत सांगितलं, माझी बहीण वीस वर्षं लॅबमध्ये आहे, माझं रक्त दुसऱ्या कुणी काढलेलंच नाही. लग्नाआधी सासरच्यांनी मागितलेला रिपोर्ट तूच केला होतास, त्याची प्रत पाठव. त्याच वेळी तू मला तीन रविवार बोलावून कमरेत सुया दिल्या होत्यास, अशक्तपणावर म्हणून. काय दुखल्या होत्या त्या. लग्न नुसतं ठरलेलं, तरी हे मला आठवडाभर लंगडी म्हणत होते.

बरी झाले की येईन. माझा पोच्याचा पेला, बाजूला चेपलेला तो, काढून ठेव.

तुझी धाकटी


१७ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र मिळालं. जिवंत आहेस हे वाचून बरं वाटलं, बाकीचं वाचून नाही.

मला येता येणार नाही. लॅबमध्ये दुसरी बाई बाळंतपणाला गेलीय आणि मालकांना नळ्यांवर चिठ्ठ्या कशा लावतात तेही माहीत नाही. शिवाय मी येऊन काय करणार? उशाशी बसून तुझी उशी झटकणार. ते तुझ्या नवऱ्याला करू दे. तो साधा माणूस आहे, त्याला कुणीही काहीही सांगावं आणि त्याने ऐकावं. त्याच्याकडे बघून मला नेहमी पोटात तुटतं.

रिपोर्टची प्रत सोबत आहे. नीट बघ, प्रत्येक रकान्यात "निगेटिव्ह" आहे, खाली माझी सही. वीस वर्षांत माझ्या हातून एक नळी इकडची तिकडे झालेली नाही.

तू विचारतेस गुठळी कुठून आली. मी डॉक्टर नाही. पण शरीर काही विसरत नसतं, विसरतो तो माणूस. आई गेल्यावर तुझी वेणी मी घातली, तुझी फी मी भरली, आणि तू हट्ट करून तीन वर्षं हॉस्टेलवर राहिलीस. तो चष्मेवाला तुला सोडायला कोपऱ्यापर्यंत यायचा. मी तेव्हा काही बोलले नाही. दोनदा तुझं मूल पोटातच गेलं तेव्हाही बोलले नाही. मला बोलायचंच असतं तर बोलण्यासारखं खूप होतं.

चिंगीला नोकरी लागली, परगावी, विमा कंपनीत. विसावं संपायच्या आत माझी लेक स्वतःच्या पायावर उभी राहिली. हे गेल्यापासून एकटीने वाढवलंय तिला. जानेवारीपासून तीही हॉस्टेलवरच आहे आणि माझ्या जिवाला घोर आहे. पण या वेळी मी डोळे मिटून बसलेले नाही. नोकरीसाठी लागणारा रिपोर्ट मीच केला, आणि जी काळजी घ्यायची ती घेऊनच तिला पाठवलं.

औषधं वेळेवर घे.

ताई


५ मार्च

ताई,

घरी आले. तुझं पत्र वाचून रडू आलं आणि मग राग आला. पण आजारी माणसाला दोन्ही परवडत नाहीत, म्हणून सोडून दिलं. तो चष्मेवाला माझ्याकडून वह्या न्यायचा, एवढंच. तुला आठ वर्षांनी अजून तो दिसतो याचं नवल वाटतं.

आता खरी बातमी. नवी डॉक्टरीण भेटली, एवढीशी आहे, टेबलामागे बसली की फक्त चष्मा दिसतो. तिने माझे पाय बघितले आणि मांडीवरच्या निळसर जाळीवर बोट ठेवून म्हणाली, ही कधीपासून? मी म्हटलं जन्मापासूनच असेल, माझी बहीण मला जाळीवाली म्हणून चिडवायची, थंडीत जास्त दिसते. मग तिने विचारलं, गर्भपात किती? आणि मग म्हणाली, राग मानू नका, तुमची गरमीची, म्हणजे त्या गुप्तरोगाची, चाचणी कधी पॉझिटिव्ह आली होती का?

मी हसलेच. तिने समजावून सांगितलं. काही जणांच्या रक्ताला स्वतःचंच काहीतरी परकं वाटतं आणि ते त्याच्यावर धावून जातं. त्या झटापटीत गुठळ्या होतात. पोटातल्या बाळाच्या वाटेत झाली तर बाळ जातं, हृदयात झाली तर माझं झालं तसं होतं. आणि अशा रक्ताने गरमीची ती स्वस्तातली चाचणी फसते. रोग नसताना पॉझिटिव्ह येते. कुणाकुणाची आयुष्यं त्यात उलटीपालटी होतात, म्हणाली.

मी म्हटलं, माझे रिपोर्ट धुतल्या तांदळासारखे आहेत, आणि तुझा कागद पुढे ठेवला. ती जरा हिरमुसली. तिने रक्त तपासलं ते पॉझिटिव्ह आलं आहे, पण असं एकदा कधी सर्दीतापानेही येतं. बारा आठवड्यांनी पुन्हा आलं तरच खरं. गुठळ्या रोखणारी जोरदार गोळी आहे, पण माझ्या पोटातून रक्त गेलेलं, म्हणून खात्री नसताना ती द्यायला धजत नाही. म्हणाली, एखादा जुना पुरावा असता तर मी आजच सुरू केली असती. तोपर्यंत साधी गोळी घ्यायची आणि दुसरा झटका येऊ नये म्हणून वाट बघायची.

ताई, तुला काही आठवतं का? एखादी चाचणी पहिल्यांदा वेगळी आली असेल, तू पुन्हा केली असशील, असं काही? मी भीत नाही असं नाही. झोपताना डाव्या हाताला चिमटे काढून बघते.

धाकटी


१३ मार्च

धाकटे,

मला काही आठवत नाही, कारण आठवण्यासारखं काही नव्हतंच.

तुझी डॉक्टरीण हुशार दिसते. पायावरची जाळी बघून रोग सांगते, उद्या तळहात बघून नवरा कधी मरेल तेही सांगेल. ही नवी पोरं पुस्तकात वाचतात आणि समोर येईल त्याला लावतात. चाचणी चाचणी असते. पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह. मी हजारो केल्या, पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक माणसाने माझ्यासमोर शपथा घेतल्या, आणि प्रत्येकाच्या घरचे नंतर खरं काय ते सांगून गेले.

बारा आठवडे थांबायला सांगितलंय तर थांब. तुला कुठली गाडी पकडायचीय?

चिंगी पत्र लिहीत नाही. निघताना माझ्याशी धड बोलली नाही. आईची माया पोरींना जाच वाटते. तिला पाळी नियमित व्हावी म्हणून गोळ्या दिल्या आहेत, सहा महिन्यांच्या. घेते की फेकते कोण जाणे.

एक सहज विचारते. ते चाचणी फसण्याचं तुझी डॉक्टरीण म्हणाली, ते एकाच घरात दोघींना होऊ शकतं का? म्हणजे मावशीला आणि भाचीला, असं? लॅबमध्ये एकीची केस आली होती, म्हणून विचारलं.

ताई


२१ मार्च

ताई,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, होऊ शकतं. नेहमी नाही, पण काही घरांत रक्ताच्या नात्यात सापडतं. आणि अशा मुलीला पाळीच्या, मूल न होण्याच्या गोळ्या देणं म्हणजे आगीत तेल ओतणं, असं डॉक्टरीण म्हणाली. गुठळ्या होण्याची वाट मोकळी करून द्यायची.

आता लॅबमधल्या त्या केसबद्दल. काल चिंगीचं पत्र आलं. मी आजारी आहे हे तिला तू कळवलं नव्हतंस, मी कळवलं. तिचंच लिहिलेलं उतरवून देते:

"मावशी, तुझा पोच्याचा पेला डिसेंबरपासून माझा झालाय. आई तो वेगळा घासते आणि वेगळा ठेवते. माझं रक्त काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला थोबाडीत मारली आणि कारण सांगितलं नाही. मग तीन रविवार कमरेत सुया दिल्या, अशक्तपणावर म्हणाली. तुलाही दिल्या होत्या ना? आणि आता एक गोळी देऊन ठेवलीय, एकवीस दिवस घ्यायची, सात दिवस थांबायची. मी काय केलंय ते तू तरी विचारशील का?"

मी पत्र घेऊन डॉक्टरिणीकडे गेले. विचारलं, लागोपाठ तीन आठवडे कमरेत काय देतात? तिने माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं. मग म्हणाली, तुमच्या बहिणीने तुमच्यावर गरमीचा इलाज केलाय, आणि कागदावर निगेटिव्ह लिहिलंय.

आठ वर्षं तो पेला मी माझा समजत होते. दर वेळी आल्यावर तू तो मला द्यायचीस आणि मला वाटायचं, ताईने आठवणीने ठेवलाय. लाडाची म्हणून. ताई, लग्नाआधी मी कुणाच्या हाताला हात लावला नव्हता. दोन बाळं गेली तेव्हा मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि तू माझे केस सारखे करत होतीस. तेव्हा मनात काय म्हणत होतीस?

मला ते जुनं पान हवंय. तू पक्क्या रिपोर्टात काहीही लिही, निकाल आधी उतरवतेस त्या कच्च्या वहीत तू खोटं लिहीत नाहीस, हे मला माहीत आहे. तू स्वतःच सांगितलं होतंस, मोठ्या अभिमानाने. माझं पान आणि चिंगीचं पान. चिंगीला गोळी बंद करायला मी आजच लिहिलंय.

धाकटी


२९ मार्च

धाकटे,

पान पाठवते आहे. आठ वर्षांपूर्वीची वही माळ्यावरच्या खोक्यात होती, तिसऱ्या ओळीत तुझं नाव आहे. निकाल माझ्याच अक्षरात आहे. खाडाखोड नाही. तुझ्या डॉक्टरिणीला दाखव आणि माझी नोकरी घालवायची असेल तर तेही कर.

पण एक ऐकून घे. मी तुला वाचवलं. तो कागद जसा आला तसा दिला असता तर तुझं लग्न मोडलं असतं, गावभर झालं असतं, आणि आज तुला कुणी विचारलं नसतं. माझी सही खोटी, पण तिच्यावर तुझा संसार उभा आहे. मी तुला घाण समजत होते, हे खरं आहे. समजूनही तुला घरात घेतलं, औषध दिलं, केस सारखे केले. कुठली बहीण करते? चाचणी फसते हे मला कुणी शिकवलं नाही. दुसरी, महागाची चाचणी करून खात्री करायची असते हे माहीत होतं. ती बाहेर पाठवावी लागते आणि चिठ्ठीवर नाव लिहावं लागतं. तुझं नाव मी कसं लिहिणार होते? आणि खरं सांगायचं तर मला खात्री करावीशी वाटलीच नाही. माझी खात्री आधीच होती.

चिंगीचं वेगळं आहे. तिची ओळ चालू वहीत आहे आणि तिथेच राहील. तिचं अजून लग्न व्हायचंय. तिच्या नावापुढे तो शब्द लिहिलेला कागद मी कुणाच्या हातात देणार नाही, तुझ्याही नाही. गोळ्या बंद केल्या ते ठीक. एवढ्यावर पुरे.

ताई


४ एप्रिल

ताई,

पान पोचलं. मला जोरदार गोळी सुरू झाली, माझं सोड.

चिंगीने गोळ्या बंद केल्या, पण तीन महिने घेतल्या होत्या. शनिवारपासून तिचा खांदा आणि जबडा दुखतोय. माझंही असंच सुरू झालं होतं. तिथल्या दवाखान्यात दोनदा गेली. विशीतल्या पोरीला कसला हार्ट अटॅक म्हणाले, पित्त आहे, आणि पातळ औषधाची बाटली देऊन परत पाठवलं. मला प्रवासाला बंदी, म्हणून हे काल गेले. यांनी माझ्या आजाराचं सगळं सांगितलं तर तिथला डॉक्टर म्हणतो, मावशीचा आजार भाचीला चिकटवू नका, आधीचा काही रिपोर्ट आहे का? चिंगीने नोकरीच्या फाइलमधला काढून दिला. "आईच करते माझे रिपोर्ट, सगळे स्वच्छ आहेत," म्हणाली. डॉक्टरने तो बघितला आणि यांना म्हणाला, मग झालं तर. तो खोटा आहे हे मी यांनाही सांगितलेलं नाही. रक्त घेतलंय तपासायला, निकाल आठवड्याने येईल म्हणे.

चिंगीची ओळ आता हवी. टपालाने नको. तू स्वतः वही घेऊन गाडीत बस आणि त्या डॉक्टरसमोर उघड. सहा तासांचा रस्ता आहे. लग्नाचं नंतर बघू.

धाकटी


९ एप्रिल

धाकटे,

दोनदा स्टँडवर गेले आणि परत आले. वही पिशवीत होती.

तिच्यासमोर वही उघडायची म्हणजे तिला कळणार की मी तिला काय समजत होते. मारलं ते का मारलं ते कळणार. ते मला जमणार नाही. तू मला काहीही म्हण.

वहीतून तिची ओळ कात्रीने कापून पाठवते आहे. तारीख, नमुन्याचा नंबर, नाव, निकाल, सगळं आहे. पानावर बाकीच्यांची नावं आहेत म्हणून पान दिलं नाही. तुझ्या पत्त्यावर टाकते, तू तुझ्या नवऱ्याकडे पाठव, तो दाखवेल. तिला दाखवू नका.

ताई


२० एप्रिल

ताई,

तुझं पाकीट तेराला आलं. चिंगी बाराला सकाळी गेली, हॉस्टेलच्या जिन्यात, ऑफिसला निघताना. पित्ताची बाटली पर्समध्ये होती. निकाल चौदाला आला, पॉझिटिव्ह, माझ्या डॉक्टरिणीला वाटलं होतं तसाच.

मी कुणाला न विचारता गाडीत बसले होते. तुला तार मिळाली आणि तूही आलीस. त्या दिवशी सहा तास तुला फार वाटले नाहीत. तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस आणि मीही तुला हाक मारली नाही, म्हणून हे पत्र. यानंतर मी तुला लिहिणार नाही.

दोन गोष्टी तुझ्या माहितीसाठी. हॉस्टेलमधला तिचा पेला मी बघितला, साधा होता, खोलीतल्या तिघी त्यातूनच पाणी प्यायच्या. आणि तिचं शेवटचं पत्र मला मिळालं, अकराला टाकलेलं. त्यात एकच प्रश्न पुन्हा विचारलाय. मावशी, आईने मला का मारलं?

मला ते मार्चपासून माहीत होतं आणि मी तिला लिहिलं नाही. गोळी बंद कर, एवढंच लिहिलं. तुझी लाज राखायला नाही. आपली आई आपल्याला काय समजते हे मनात घेऊन तिने जगावं, हे मला नको होतं. आता वाटतं, सांगितलं असतं तर तिनेच त्या डॉक्टरला सांगितलं असतं की तो रिपोर्ट खोटा आहे. म्हणजे तुझं खोटं शेवटी मीही सांभाळलं. आपण एकाच आईच्या आहोत.

तुझी ओळ परत पाठवते आहे. कात्री सरळ चालवलीस, एक अक्षरही कापलं गेलेलं नाही. ती पुन्हा चालू वहीत होती तिथे चिकटव. शेवटचा "शेरा" हा रकाना रिकामा राहिलाय. कच्च्या वहीत तू खोटं लिहीत नाहीस, तेव्हा तो तुझ्या हाताने भर.

धाकटी